सांगलीतला आमचा गोधडी ग्रुप: सगळ्या जणी विचारतात ते प्रश्न

नवीन येणाऱ्या बायका फोनवर, मंडईत, लग्नात भेटल्यावर जे जे विचारतात ते सगळं एकदा नीट लिहून काढलंय. काही उत्तरं लांबली आहेत, पण ती तशी लांबायलाच हवी होती.

हा ग्रुप नेमका करतो काय?

दर गुरुवारी दुपारी विश्रामबागच्या बाजूला एकीच्या घरी हॉलमध्ये सतरंजी टाकून बसतो आणि हातानं गोधड्या शिवतो, म्हणजे आपल्याकडं खेड्यात वाकळ म्हणतात तीच. मशीन नाही, क्लास नाही, सर्टिफिकेट नाही. एका वेळी एकच गोधडी मधे पसरलेली असते, ती कुणातरी एकीची असते आणि टाके सगळ्यांचे असतात. सुगीला रानात पैरा करतात ना, आज तुझ्यात उद्या माझ्यात, अगदी तसंच चालतं आमचं. तुम्ही आज दुसरीच्या गोधडीवर बसलात की पुढं तुमच्या गोधडीवर सगळ्या येऊन बसणार हे ठरलेलं.

मला शिवणकाम अजिबात येत नाही, चालेल का?

चालेल. गोधडीला धावदोरा लागतो, बाकी काही नाही. सुई खाली वर, खाली वर, एवढंच. पहिल्या दिवशी टाके वाकडे येतात, मोठे येतात, तेही तसेच ठेवतो. आमच्यातल्या निम्म्या जणींनी शाळेतल्या शिवणाच्या तासानंतर इथंच पहिल्यांदा सुई धरली. बोटाला टोचू नये म्हणून अंगुस्तान वापरा, सुरुवातीला ते घालून चालत नाही असं वाटतं पण महिन्याभरात त्याशिवाय जमत नाही.

एका गोधडीला किती साड्या लागतात?

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर. तिची तीन घडी घातली की सहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असे तीन थर होतात, म्हणजे दोन जुन्या सुती साड्यांत एका माणसाची सहा थरांची चांगली उबदार गोधडी बसते. डबल हवी असेल तर दोन पन्ने शेजारी शेजारी जोडायचे आणि पाच थरांना साडेतीन साड्या धरून चालायचं. आजीची नऊवारी असेल तर सोनंच, ती धुवून धुवून इतकी मऊ झालेली असते की आतला थर म्हणून तिच्यासारखं दुसरं काही नाही. पॉलिस्टर, सिंथेटिक शक्यतो आणू नका, ते थरात सरकतं, घाम शोषत नाही आणि टाका धरत नाही. नवीन कापड वरच्या थराला लावायचं असेल तर आधी एकदा धुवून आणा, सुती कापड पहिल्या धुण्याला आटतं आणि मग गोधडीला सुरकुत्या पडतात. रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघायचं, लाल आणि गडद निळ्याचा भरवसा धरू नका.

ग्रुप सुरू कसा झाला?

ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, गावभाग, मारुती चौक, स्टेशन रोड सगळं पाण्यात. गावभागातल्या कितीतरी कुटुंबांना इकडं विश्रामबागकडं ओळखीच्या, अनोळखी लोकांच्या घरात राहावं लागलं. पाणी उतरल्यावर घरं उघडली तर गाद्या, गोधड्या चिखलानं भरलेल्या, भिजलेली गोधडी दोघींना उचलेना. बऱ्याच टाकूनच द्याव्या लागल्या. पण कपाटाच्या वरच्या फळीवरच्या, माळ्यावर टाकलेल्या साड्या काही जणींच्या वाचल्या होत्या, आणि ज्या घरात त्या राहत होत्या तिथल्या काकू म्हणाल्या की रिकामं बसून डोकं फिरतंय तर ह्याच्या गोधड्या शिवू, निदान अंथरायला तरी होतील. तिथून हे सुरू झालं. आधी एका गल्लीत राहूनही एकमेकींना न ओळखणाऱ्या बायका एका गोधडीभोवती बसल्या, आणि घरं पुन्हा लागल्यावरही गुरुवार तसाच राहिला. २०२० मधे लॉकडाऊन लागलं तेव्हा प्रत्येकीनं घरी एक एक चौकोन शिवला आणि नंतर ते सगळे जोडून एक मोठी गोधडी केली, ती आजही हॉलमधे अंथरतो.

फी किती आहे?

फी नाही. दोरा, सुया आणि चहापत्तीसाठी एक डबा असतो, त्यात ज्याला जमेल ते टाकायचं, कुणी किती टाकलं हे कुणी बघत नाही, आणि डब्याचा हिशोब दर दोन तीन महिन्यांनी दुसरीकडं जातो.

तिथं बसून बोलता काय?

हा प्रश्न घरातली माणसं जास्त विचारतात.

सगळंच बोलतो. मुलांचे मार्क, गुडघे, हळदीचा भाव, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं. पण एक गोष्ट आम्हा सगळ्यांना हळूहळू समजली, गोधडीवर बसलं की नजर खाली सुईवर असते, समोरच्याच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. त्यामुळं जे समोरासमोर बसून चहा पिताना कधीच तोंडातून निघत नाही ते इथं निघतं. एकीनं आपल्याला ब्रेस्टमधे गाठ लागलीय हे घरच्यांच्या आधी इथं सांगितलं, एकही सुई थांबली नाही, शेजारच्या बाईनं फक्त विचारलं की सोनोग्राफीला सोबत कोण येणार, मी येऊ का. दुसरीनं मुलगा बोलत नाही हे सांगितलं. कुणी सल्ला दिला नाही तरी चालतं, टाका घालत घालत ऐकणं हेच त्या वेळी लागतं. काम चालू असल्यामुळं मधली शांतता जड होत नाही, आणि रडू आलं तर गोधडीवर मान खाली घालून रडता येतं.

आणखी एक, आम्ही कडेनं सुरू करून आत आत जातो, चौकोनात चौकोन. सुरुवातीला चारी बाजूला लांब लांब बसलेल्या बायका काम आत सरकेल तशा गोधडीवरच पुढं सरकत येतात, आणि मधला भाग येईपर्यंत गुडघ्याला गुडघा लागतो. पहिल्या तासात हवापाण्याच्या गप्पा आणि शेवटच्या तासात खऱ्या गोष्टी, असं का होतं ते यात आहे असं मला मनापासून वाटतं.

पण बोललेलं बाहेर गेलं तर?

गोधडीवर बोललेलं घरी न्यायचं नाही, नवऱ्याला सांगायचं नाही, बहिणीला तर नाहीच. सांगली तशी लहान आहे, दोन फोनमधे गोष्ट मिरजेला पोचते. हा नियम मोडला गेला तर त्या बाईशी दोघी जणी घरी जाऊन बोलतात, सगळ्यांसमोर कधीच नाही.

फक्त एका बाबतीत गप्प बसत नाही. कुणाला घरात मारहाण होत असेल, जिवाला धोका असेल, कुणी स्वतःचं काही बरंवाईट करण्याबद्दल बोलली, तर तिला विचारून, तिच्या सोबतीनं पुढं जातो. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीला ११२. घरगुती हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे आणि त्यात संरक्षण अधिकाऱ्याकडं तक्रार करता येते, त्यासाठी आधी पोलीस स्टेशनची पायरी चढलीच पाहिजे असं नाही. हे सगळ्या जणींना माहीत असावं म्हणून दोऱ्याच्या डब्याच्या झाकणाला आतून हे नंबर चिकटवलेत.

मी फार बोलकी नाही. अवघडल्यासारखं होईल का?

नाही होणार. आमच्यात एक आक्का आहेत, येतात, बसतात, चार ओळी शिवतात, चहा घेऊन जातात. त्या आल्या नाहीत की सगळ्या जणी विचारतात. बोलणं ही इथली अट नाहीये. नवीन बाईला आम्ही दोन जुन्या जणींच्या मधे बसवतो, कोपऱ्यात नाही, म्हणजे दोरा मागायला, सुई ओवायला कुणीतरी हाताशी असतं आणि त्यातूनच दोन शब्द होतात.

भांडणं होतात का?

होतात. इतक्या बायका दर आठवड्याला एकत्र येणार आणि भांडण नाही असं कसं होईल.

सगळ्यात मोठं भांडण टाक्यांवरून झालं होतं. एकीच्या गोधडीवर सगळ्यांनी शिवलं, तिला काही टाके मोठे वाटले, तिनं घरी नेऊन ते उसवले आणि परत बारीक घातले. ज्या मावशींचे ते टाके होते त्यांना मोतीबिंदू होता, ऑपरेशन व्हायचं होतं, दिसत नसताना त्या दोन तास वाकून बसल्या होत्या. त्यांना कळल्यावर त्या यायच्याच बंद झाल्या. दोघींची बाजू खरी होती, एकीला लेकीच्या लग्नात द्यायची गोधडी नीट हवी होती आणि दुसरीनं जीव ओतून शिवलं होतं. त्यानंतर सगळ्यांनी मिळून ठरवलं की दुसरीचा टाका उसवायचा नाही, कधीच नाही, आणि ज्याला एकसारखे टाके हवेत त्यानं ती गोधडी घरी एकटीनं शिवावी, आम्ही कापड कापायला आणि टाचून द्यायला मदत करू. मावशी परत आल्या, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर. त्यांना आणायला गेली होती ती उसवणारीच.

दुसरं भांडण नंबरावरून होतं, आधी कुणाची गोधडी. चिठ्ठ्या टाकून बघितल्या पण चिठ्ठीला काय कळतंय की कुणाच्या सुनेला सातवा महिना आहे. आता गरज बघून ठरवतो, बाळंतपण पहिलं, मग आजारपण, मग कुणाचं माणूस गेलेलं, मग बाकीचे क्रमानं. ज्यांचा नंबर मागं जातो त्यांना वाईट वाटतं, ते वाटणारच, म्हणून दोन गोधड्यांच्या पलीकडं कुणाचाही नंबर ढकलत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर राजकारण आणि फॉरवर्ड बंद आहेत. तिथं फक्त गुरुवारचा निरोप, कुणाला काही लागत असेल ते, आणि गोधड्यांचे फोटो.

सासू सुना दोघी आल्या तर?

या की. आमच्यात दोन जोड्या आहेत. फक्त दोघींना गोधडीच्या वेगवेगळ्या बाजूला बसवतो, म्हणजे सुनेला तिच्या वयाच्या बायकांशी बोलता येतं आणि आत्यांना, म्हणजे सासूला, तिच्या वयाच्या बायकांशी. एका सुनेनं सांगितलं की आत्यांना हसताना तिनं इथं पहिल्यांदा बघितलं, आणि आत्यांनी दुसऱ्या एका दिवशी सांगितलं की सून एवढं छान गाते हे घरात सहा वर्षांत कळलं नव्हतं. घरी दोघी कामाच्या मागं असतात, बघायला वेळ कुणाला असतो.

खाण्यापिण्याचं काय असतं?

चहा असतो. सांगली म्हटल्यावर भडंग असतंच, पण तेलकट हात कापडाला लागतात म्हणून ते गोधडी गुंडाळून ठेवल्यावर, आधी नाही. जैन मैत्रिणी बऱ्याच आहेत, चातुर्मासात भडंग बिनलसणाचं करतो, आणि रमजानमधे सगळ्यांचंच खाणं चहा बंद ठेवतो म्हणजे मिरजेहून येणाऱ्या आपांना एकटं बाजूला बसावं लागत नाही. हे कुणी नियम म्हणून केलेलं नाही, एकीनं सुचवलं आणि बाकीच्यांना पटलं.

वेगवेगळ्या घरच्या जुन्या साड्या एकाच गोधडीत? घरात चालत नाही आमच्या.

हे खूप जणी हळू आवाजात विचारतात म्हणून मोठ्यानं उत्तर देते.

कापडं धुतलेली, उन्हात वाळवलेली असतात. कुणाच्या जातीची, कुणाच्या धर्माची साडी म्हणून ग्रुपमधे आलेलं कापड आजवर बाजूला ठेवलेलं नाही आणि ठेवणारही नाही. तुमच्या स्वतःच्या गोधडीत फक्त घरच्या साड्या हव्या असतील तर तुमची मर्जी, त्यावर कुणी काही बोलणार नाही. पण दुसरीनं आणलेल्या कापडाबद्दल इथं बसून नाक मुरडायचं नाही.

बाळाच्या दुपट्यात विधवा बाईची साडी नको असंही एकदा आलं होतं. ज्या मावशींची साडी होती त्या शेजारीच बसल्या होत्या. बाळाची आजी काही बोलेना, आईच बोलली, म्हणाली की ह्या मावशींनी चार नातवंडं अंगाखांद्यावर वाढवली, मला त्यांचीच साडी पाहिजे. तेव्हापासून आमच्यात बाळाच्या दुपट्याचा सगळ्यात आतला थर त्याच मावशींच्या साडीचा असतो, आणि संक्रांतीचं हळदीकुंकू सगळ्यांना असतं, नवरा असो वा नसो.

आई गेली. तिच्या साड्या आहेत. तुम्ही गोधडी करून द्याल का?

करून देणार नाही, तुमच्यासोबत करू. आणि घाई करू नका. वर्ष होऊ द्या, दोन होऊ द्या, काही जणींना साडी कपाटातून काढायलाच तेवढा वेळ लागतो आणि ते बरोबर आहे. भाऊ, बहिणी, भावजय सगळ्यांना आधी विचारा, कात्री लागल्यावर साडी परत जुळत नाही. एक तरी साडी अख्खी ठेवा, तिला हात लावू नका, आम्ही हे प्रत्येकीला सांगतो.

कापायच्या दिवशी तुम्ही कापायचं नाही. कात्री दुसऱ्या कुणाच्या तरी हातात, तुम्ही फक्त कुठला काठ वर दिसायला हवा, कुठला पदर मधे यायला हवा ते सांगायचं. बहुतेक वेळा पहिला कट पडतो तेव्हा हॉलमधे कुणी बोलत नाही, मग कुणीतरी विचारतं की ही साडी कधीची, आणि तुम्ही सांगायला लागता, ही माझ्या बारशाची, ही भावाच्या लग्नातली, ही रोज घरात नेसायची. आम्ही तुमच्या आईला कधी बघितलेलं नसतं, पण गोधडी पूर्ण होईपर्यंत तिच्याबद्दल बरंच माहीत झालेलं असतं, तिला काय आवडायचं, कशावर चिडायची. मला वाटतं की दुःखात माणसाला सगळ्यात जास्त हेच हवं असतं, गेलेल्या माणसाचं नाव कुणीतरी न घाबरता विचारावं. पहिल्या तेरा दिवसांत घर भरलेलं असतं, नंतर कुणी विषयच काढत नाही.

असं शिवणं सगळ्या जगात चालतं. अमेरिकेत १९८७ मधे एड्सनं गेलेल्या लोकांच्या आठवणीत एक गोधडी सुरू झाली, त्यातला प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, साधारण एका कबरीएवढा, आणि ऑक्टोबरमधे वॉशिंग्टनच्या मोठ्या मैदानात ती पहिल्यांदा पसरली तेव्हा असे १९२० तुकडे होते. ज्या रोगाचं नाव घ्यायला लोक घाबरायचे त्यानं गेलेल्या माणसांची नावं घरच्यांनी, मित्रांनी शिवून सगळ्यांसमोर मांडली.

परदेशात क्विल्टिंग गिल्ड म्हणजे गोधड्या शिवणाऱ्यांचं मंडळ असतं, तसंच का हे?

बरंचसं. तिकडं महिन्यातून एकदा बैठक, वर्गणी, प्रदर्शन असं असतं, आणि प्रत्येकीनं आपलं काम उभं राहून दाखवायचं आणि त्याची गोष्ट सांगायची अशी एक पद्धत असते. ती आम्हाला फार आवडली म्हणून गोधडी पूर्ण झाली की आम्हीही तसं करतो, दोघींनी दोन टोकं धरायची आणि जिची गोधडी तिनं सांगायचं. बाकी एकत्र बसून शिवणं आपल्याकडं काही नवीन नाही, बंगालात कांथा, बिहारमधे सुजनी, आणि आपल्या शेजारी कर्नाटकात कौदी. जत भागातून आलेल्या आमच्या मावशी लहानपणापासून कौदी शिवत आल्यात, त्यांचा टाका आमच्यात सगळ्यात सरळ.

गोधड्या विकता का? ऑर्डर घेता का?

ग्रुप म्हणून नाही. ऑर्डर आली की तारीख येते, तारीख आली की कोण हळू शिवतंय ते दिसायला लागतं, आणि मोतीबिंदूवाल्या मावशींना जागा राहत नाही. स्वतःच्या घरी शिवून विकणाऱ्या दोघी आहेत, त्यांना गिऱ्हाईक मिळवून द्यायला आम्ही सगळ्या धावतो. विकणं कमी प्रतीचं आहे असं अजिबात नाही. अमेरिकेत अलाबामामधे काळ्या बायकांनी १९६६ मधे फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली, मतदानाचा हक्क मागितला म्हणून काही कुटुंबांची कामं गेली होती, राहती घरं गेली होती, तेव्हा ह्या गोधड्यांच्या पैशानं हातभार लावला. त्याच भागातल्या जीज बेंड ह्या वस्तीच्या गोधड्यांवर २००६ मधे तिथल्या पोस्टानं तिकिटं काढली. त्यांना पैशाची गरज होती म्हणून त्यांनी ते केलं, आमच्यातल्या बहुतेकींची गरज वेगळी आहे.

मी नोकरी करते, गुरुवारी दुपारी जमत नाही.

महिन्यातल्या एका रविवारी सकाळी बसतो. बँकेतल्या, शाळेतल्या, हॉस्पिटलमधल्या बायका तेव्हा येतात. कधी तेही नाही जमलं तर टाचलेला चौकोन घरी घेऊन जा.

पुरुष येऊ शकतात का?

एक मामा येतात, आयुष्यभर विट्याला मागावर काम केलेले. कापड चिमटीत धरून सांगतात की उभा धागा कुठला, आडवा कुठला, कुठल्या बाजूनं फाटेल. कापणी त्यांच्याच हातची असते. कापून झालं की चहा घेतात आणि जातात, त्यांचं त्यांनीच तसं ठरवलंय म्हणजे बायकांना मोकळं बोलता येतं. कात्रीच्या दिवशी अजून कुणी यायला तयार असेल तर नक्की या.

लहान मुलाला घेऊन आले तर?

आणा, पण सुयांचं आम्ही फार कडक आहोत. सुया मोजून देतो, मोजून घेतो, एक कमी भरली तर मिळेपर्यंत कुणी उठत नाही. सुईत कायम लाल दोऱ्याचं शेपूट ठेवतो म्हणजे पडलेली दिसते, आणि एक लोहचुंबक आहे. रांगतं बाळ असेल तर आतल्या खोलीत आळीपाळीनं एक जण सांभाळते.

कुणी यायचं बंद झालं तर काय करता?

दोन गुरुवार निरोप न देता आली नाही तर फोन. फोन उचलला नाही तर दोघी जणी घरी जातात, दोनच, दहा जणी दारात उभ्या राहिल्या की माणूस आणखी लपतं. आजारी असेल तर डबा ठरवून देतो, कुणाचा कुठला वार ते. पॅरालिसिस झालेल्या एक काकू आहेत, त्यांच्याकडं आम्ही महिन्यातून एकदा गोधडी घेऊन जातो आणि त्यांच्या कॉटभोवती बसून शिवतो, त्या डाव्या हातानं दोरा धरतात. ज्यांना खरंच नको झालंय त्यांना सोडून द्यायचं, दार उघडं आहे एवढं सांगून. ओढून आणलेली बाई बसत नाही.

शेवटचा टाका कोण घालतं?

जिची गोधडी ती. त्याच्या आधी त्या दिवशी हजर असलेल्या प्रत्येकीचा एक एक टाका मधल्या चौकोनात पडला पाहिजे, पाच वर्षांच्या मुलीपासून मामांपर्यंत. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळकडं सिद्दी बायका गोधडीच्या चारी कोपऱ्यांना कापडाची फुलं लावतात, त्याशिवाय गोधडी उघडी राहिली असं त्या मानतात. आमच्यात आता दोघी तिघी तशी फुलं लावायला लागल्यात, ज्याच्यात्याच्या आवडीचं आहे.

गोधडी धुवायची कशी?

वर्षातून एकदा दोनदा पुरे, बाकी ऊन द्यायचं. घटस्थापनेच्या आधी दसऱ्याचं धुणं निघतं तेव्हा सगळ्या घरच्या गोधड्या निघतात, त्यात धुवा. ओली गोधडी भयंकर जड होते, एकटीनं पिळू नका, कंबर धरते. दोघींनी दोन टोकांनी पिळायची आणि दोरीवर न टाकता कठड्यावर किंवा गच्चीवर पसरायची, दोरीवर तिच्या वजनानं टाके ताणतात. आमच्यात ज्यांना गच्ची नाही त्या सरळ दुसरीच्या गच्चीवर घेऊन जातात.

पहिल्या दिवशी काय आणायचं?

जवळचा चष्मा, आणि जमलं तर एक धुतलेलं जुनं सुती कापड. सुई दोरा आमच्याकडं आहे.

पावसाळ्यात चालू असतं का?

असतं, पण नदीकडं लक्ष ठेवून. आयर्विन पुलाची पातळी ३० फुटांच्या वर जायला लागली आणि कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की त्या आठवड्याला बसत नाही, इशारा पातळी ४० ला असली तरी तोपर्यंत थांबत नाही, कारण सखल भागात पाणी त्याच्या आधीच शिरतं. गावभागातल्या आणि नदीकाठच्या मैत्रिणींना सामान वर चढवायचं असतं, ज्यांच्याकडं गाडी आहे त्यांनी गाडी घेऊन आणि बाकीच्यांनी हात लावायला तिकडं जायचं. कुणाच्या घरी कोण राहायला जाणार ह्याची यादी जूनमधेच केलेली असते, नवीन आलात तर तुमचं नाव कुठल्या बाजूला लिहायचं ते पहिल्या महिन्यातच सांगून ठेवा.